फुकटच्या साइटचं बिल

हसा लेको, पण पुरं आइकून घ्या. म्या मोबाइलवर एक तसली साइट पाह्यली. 'एकदम फुकट' लिहिलं होतं, फक्त वय तपासाले कार्डाचा नंबर पाहिजे म्हणे. म्या देल्ला. पुढच्या बिलात चार हजार लागून आले.

बँकेले फोन लावला, तं म्हणे तक्रारीच्या फॉर्मवर मूळ कार्डवाल्याची सही आना. मूळ कार्ड बाबाचं, मी त्याईच्याच खात्यावरचं दुसरं कार्ड वापरतो.

केळझरच्या आमच्या किराणा दुकानात बाबा गल्ल्यावर होते. म्या फॉर्म हळूच सरकवला. बाबा वाचल्याशिवाय कशावरच सही करत नाईत. चष्मा लावून पुरा फॉर्म वाचला, साइटच्या नावासकट. माही मान वर होईना.

बाबा म्हणे, "माल भेटला होता?"

"हाव. म्हणजे, पाह्यला थोडासा."

"खराब निघाला?"

"नाई."

"मंग पैसे वापस काऊन मांगून राह्यला?"

सही काही केली नाई. फक्त पेनानं भिंतीवरची पाटी दाखवली. दर दिवाळीले मीच पुसतो ते. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही.'