घरचाच ड्रम

जाम गावच्या चौकात पाण्याच्या एटीएमपाशी रांग होती. माझ्यापुढं एक शेतकरी जोडपं उभं होतं. त्यांनी टेम्पोत पलंग आणि शेगडी बसवून फिरतं घर केलं होतं. मागच्या बाजूला प्यायच्या पाण्याचा निळा ड्रम बांधला होता. नवरा बायकोला समजावत होता.

"रामेश्वरपर्यंत फिल्टरचंच पाणी भरू. वाटंत कुठंबी नळाले तोंड लावाचं नाई."

"बरं."

"बोअरचं नाई, टँकरचं नाई. पाण्यानं बिमार पडाचं कामच नाई. मी सगळा विचार करून ठेवला."

"अन् ड्रम नवा घेतला काय?"

"नवा काऊन? घरचाच हाय, बैलाच्या कोठ्यातला."

"ज्यात तुमी फवारणीचं औषध कालवत होते, तोच?"

"साबण लावून घासला ना मी! वास येते काय? नाक लावून पाह्य."

"वास नाई येत."

"मंग? पाणी चांगलं पाह्यजे. ड्रमाचं काय घेऊन बसली तू!"

"काल घासल्यावर तुमी त्यात पाणी भरून ठेवलं होतं. आपला गोऱ्हा तोंड घालाले गेला, तं तुमी जेवत्या ताटावरून उठून धावले. काऊन धावले?"

रांग पुढं सरकली. नवरा जागचा हलला नाही.

"काका, तुमचा नंबर," मी म्हणालो.

"तुमी भरा भाऊ पहिले. अन् इथं नवा ड्रम कुठं भेटते?"