रिव्हर्स नसलेलं गाव

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि ऑर्डवे मोटारमालक मंडळाचे सर्वेसर्वा श्री. नॉर्बर्ट हिल्डेब्रँड, व्यासपीठावर विराजमान झालेले सेंट हेडविग चर्चचे फादर यारोश, स्वयंपाकघराच्या खिडकीतून डोकावून ऐकणाऱ्या आणि त्यामुळे ज्यांचे पिरोगी बहुधा करपणार आहेत अशा आमच्या सर्व भगिनी, स्टर्जन बेंडच्या माझ्या बंधुभगिनींनो, आणि जिला निरोप द्यायला आपण जमलो आहोत ती आजची सत्कारमूर्ती, माझी थोरली बहीण वँडा...

नॉर्बर्टने खुर्ची पुढे केली आहे. नको रे बाबा. बसलो की उठताना गुडघे वाजतात, आणि या हॉलमधल्या लोकांना काही वाजलं की कुठला भाग गेला हे ओळखायची जन्माची सवय आहे. उभाच बरा.

मला सांगितलंय, आधी कंपनीचा इतिहास, मग वँडाबद्दल दोन शब्द. इतिहास तुम्हाला पाठ आहे. पण मंडळाची ही बहुधा शेवटची सभा. पुढच्या वर्षी बोलायला कोण असेल, ऐकायला कोण असेल, सांगता येत नाही. तेव्हा थोडक्यात उजळणी करतो, जांभया आल्या तर खुशाल द्या.

म्हातारे ऑर्डवे नदीकाठी घोडागाड्या बनवत. घोड्यांचे दिवस संपले, तेव्हा त्यांनी त्याच गाड्यांवर इंजिन बसवलं. युद्धात ट्रक बनवले, आणि युद्धानंतर आली ती ऑर्डवे मेरिडियन. काय इंजिन होतं ते! नेब्रास्कात एका शेतकऱ्याच्या मेरिडियनचा पत्रा गंजून गळून पडला, तर त्याने इंजिन काढून विहिरीच्या पंपाला जोडलं. तो पंप म्हणे नातवाच्या काळातही चालू होता. पण त्याच लाइनवरून त्याच दिवशी बाहेर पडलेली दुसरी मेरिडियन नवरीला घेऊन निघाली ती याच चर्चच्या दारात बसली. लग्न लागलं, जेवणं झाली, गाडी जागची हलली नाही.

लोक मला विचारतात, "लेऑन, खरं सांग, ऑर्डवे चांगली होती की वाईट?" उत्तर देऊन देऊन मी थकलोय हो. माझी गाडी घेऊन पेट्रोल भरायला उभा राहिलो की एक जण येतो, बॉनेटवर हात फिरवतो, त्याचे डोळे भरून येतात. "माझ्या आईची होती, एकदासुद्धा बंद पडली नाही." तेवढ्यात पलीकडच्या पंपावरचा ओरडतो, "आमच्या म्हाताऱ्याने मरेपर्यंत शिव्या घातल्या त्या डबड्याला!" आणि दोघंही खरं बोलत असतात. अशा वेळी मी टाकीचं झाकण लावतो आणि निघतो.

मग कंपनीने स्वतःचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स काढला. आमचे वडील, कॅसिमिर ग्रॅबोव्स्की, त्या खात्याचे फोरमन. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी त्यांच्या हाताखाली काम केलंय. बाबांच्या कोटावर कंपनीची पितळी पिन असायची, रविवारीसुद्धा. प्रार्थनेला उशीर झाला तरी चालेल, पण आवारात शिरणाऱ्या गाड्यांचे गिअर ऐकल्याशिवाय ते आत यायचे नाहीत.

आणि त्या गिअरबॉक्सचं काय झालं? पुढे जायला राजा. पण वर्ष-दोन वर्षांत मागे जायचंच विसरायचा. रिव्हर्स टाका, इंजिन गुरगुरणार, गाडी जागच्या जागी.

आता परगावच्या माणसाला प्रश्न पडेल की मग तुम्ही बोलला का नाहीत? कोणाला बोलायचं? माझ्या डाव्या हाताला बसलेल्याने गाडीची दारं बसवलेली, समोरच्याने काचा. ज्याच्या मुलीच्या लग्नात आपण पहाटेपर्यंत पोल्का नाचलो, त्याला जाऊन सांगायचं की तू घासलेल्या चाकाचे दात झिजतात? कोणी विचारलं, "कशी आहे गाडी?" की उत्तर एकच. "झकास!" आजारी माणूससुद्धा आधी "गाडी झकास" सांगायचा आणि मग आपलं दुखणं.

बोललो नाही, पण गाव मात्र बदललं. आठवतंय ना? एकेकाच्या अंगणात गोल रस्ते झाले. या दरवाजाने आत, त्या दरवाजाने बाहेर, गाडी मागे घ्यायलाच नको. बँकेने मागची भिंत पाडून आरपार वाट केली. आपल्या चर्चच्या आवाराला दुसरं फाटक कधी आलं, फादर? तुमच्या आधीच्या फादरांच्या काळात. त्यांच्याकडेही मेरिडियनच होती. लान्सिंगहून एक रस्त्यांचा तज्ज्ञ आला होता, तो म्हणाला, "अशी सुटसुटीत मांडणी मी सबंध मिशिगनमध्ये पाहिली नाही." आणि आपल्या नगराध्यक्षांनी मान खाली घालून त्याचे आभार मानले. हसताय? तेव्हा कोणी हसलं नव्हतं.

कंपनी दर हिवाळ्याच्या तोंडावर मालकांची संध्याकाळ भरवायची. किल्बासा सॉसेज, बटाट्याचं सॅलड, बिअर आणि बँड. मग एक गृहस्थ माइक घेऊन टेबलामागून टेबल फिरायचे. "कशी आहे आपली ऑर्डवे?" "झकास!" "आणि आपली?" "झकास!" कॅन्ससमधून तक्रारी यायच्या, टेक्ससमधून यायच्या. साहेब लोक म्हणायचे, ज्या गावात गाडी बनते तिथे एकाचीही तक्रार नाही, म्हणजे त्या बाहेरच्या लोकांनाच चालवता येत नाही. आपण "झकास" म्हणत राहिलो आणि कारखाना आतून पोखरला गेला. मला सांगा, याला प्रेम म्हणायचं का? मी या प्रश्नावर खूप विचार केला आणि शेवटी दमून सोडून दिला.

ज्या संध्याकाळी वँडा बोलली, तेव्हा मी नव्हतो, लष्कराने मला जर्मनीत नेऊन ठेवलं होतं. पण ज्या ज्या कोणी मला ती हकीकत सांगितली, त्या सगळ्यांनी अगदी सारखीच सांगितली. वँडा तेव्हा सुईण म्हणून शेतावरच्या घरोघर जायची. बाबांच्या शेजारी बसली होती. माइकवाले गृहस्थ आले. "आणि सिस्टर, आपली ऑर्डवे?"

वँडा म्हणाली, "मागे जात नाही."

ते हसले. "अहो, पुढे बघून चालवा की!"

"पुढे बघूनच चालवते. परवा एका शेताच्या टोकाला अडकले. पुढे तळं, मागे जाता येईना. पलीकडच्या घरात बाईच्या कळा सुरू झालेल्या. चिखलातून पळत गेले. मूल वाचलं, ते माझ्या पायांमुळे, तुमच्या गिअरबॉक्समुळे नव्हे."

बँड थांबला. कोणीतरी म्हणालं, "कुठेतरी गाडी आपटली असशील, पोरी." वँडाने सगळ्या हॉलकडे बघितलं. "तुमची जाते मागे? फ्रँक, तुझी जाते? कोणाची जाते ते हात वर करा, मी आत्ता माफी मागते."

हात कोणी वर केला नाही. पण तिच्या बाजूनेही कोणी बोललं नाही. सगळे ताटात बघत होते. बाबांनी काटा खाली ठेवला, टोपी घातली, आणि थंडीत पायी घरी निघून गेले. पुन्हा ते तिच्याशी बोलले नाहीत. ती नदीपलीकडे राहायची, ते अलीकडे. चर्चमध्ये ती उजवीकडे बसली की ते डावीकडे. गावाने तिला वाळीत टाकलं असं मी म्हणणार नाही, बाळंतपणाला बोलावत होते. फक्त कॉफीला थांब म्हणत नव्हते.

आणि पुढच्या वसंतात बाबांनी सफरचंदाचं झाड तोडलं.

जुन्या लोकांना ते झाड ठाऊक आहे. वँडा जन्मली त्या आठवड्यात बाबांनी घरामागे लावलं होतं. वाढदिवसाला तिला त्याच्याशी उभं करून उंची मोजायचे. आईने फोनवर तिला एवढंच सांगितलं, "झाड तोडलं गं त्यांनी. का ते विचारू नकोस." वँडाने विचारलं नाही. काय समजायचं ते ती समजली. तेव्हापासून तिने त्या घराच्या मागच्या अंगणात पाऊल टाकलं नाही. आईच्या आजारपणात आली, ती पुढच्या दाराने. बाबांना शेवटचं बघायला आली, तीही पुढच्या दारानेच. बाबा तोपर्यंत कोणालाच ओळखत नव्हते.

आणि गंमत बघा. कारखाना बंद पडला तसे सगळे "झकास"वाले जपानी गाड्या घेऊन मोकळे झाले. वँडाने मात्र गिअरबॉक्स दुरुस्त करून घेतला आणि आजतागायत ऑर्डवेच चालवली. आज सकाळी बाजारातून बटर घेऊन आली तीसुद्धा त्याच गाडीतून. या मंडळात तिच्याइतकी जुनी मालकीण कोणी नाही, म्हणून तर हा सत्कार. उद्या ती मुलीकडे टूसॉनला निघाली, कायमची. मी तिला विचारलं, "निरोप समारंभात काय हवं तुला? घड्याळ? शाल?" म्हणाली, "काही नको रे. मी खरं बोलले होते एवढं कोणी म्हटलं तर बरं वाटेल. नाही म्हटलं तरी चालेल, सवय आहे."

मी तसाही ते म्हणणार होतो. भाषण लिहूनही ठेवलं होतं. पण गेल्या आठवड्यात एक गोष्ट घडली आणि तो कागद मी फाडला.

आमचं जुनं घर विकलं, हे तुम्हाला माहीत आहे. भाडेकरू गेले. नव्या मालकाला घरामागे पाण्याचा पाइप हवा होता, म्हणून मी कुदळ घेऊन उतरलो. वीतभर खणलं आणि खडखड आवाज आला. हिरवळीखाली खडी, कारखान्याच्या भट्टीतली काळी खडी. बाजूला खणलं तर माती. आणखी बाजूला, पुन्हा खडी. दोन पट्टे, मध्ये गाडीच्या चाकांएवढं अंतर. मी वेड्यासारखा खणत गेलो. ते पट्टे गॅरेजच्या मागच्या दारापासून निघतात आणि सरळ मागच्या गल्लीत जातात. वँडा, ते तुझ्या झाडाच्या जागेवरून जातात.

गॅरेजला मागे दार आहे हे मला माहीत होतं. बाबा म्हणायचे, वारा खेळतो. मी जर्मनीहून आलो तो थेट टोलेडोला नोकरीला. घरी यायचो नाताळात, अंगणात गुडघाभर बर्फ. खाली काय आहे ते मला कुठून दिसणार?

बाबांची मेरिडियन गॅरेजमध्येच ताडपत्रीखाली होती. मी नॉर्बर्टला बोलावलं. त्याने दुपारभर गिअरबॉक्स उघडून पाहिला. मग हात पुसत म्हणाला, "लेऑन, बाकी सगळं घड्याळासारखं आहे. रिव्हर्स मात्र कधीचा गेलाय. म्हातारबुवांनी ही गाडी वर्षानुवर्षं रिव्हर्सशिवाय चालवली."

मी म्हटलं, "अरे, पण ते फोरमन! स्वतः का नाही दुरुस्त केला?"

नॉर्बर्ट म्हणाला, "सुटा भाग कुठून आणणार? कारखान्याच्या खिडकीवर जाऊन मागावा लागायचा. आपल्याच खात्याच्या पोरांसमोर."

कळलं का तुम्हाला? बाबांना ते तोंडाने म्हणता येईना. मुलीसमोर नाही, गावासमोर नाही. म्हणून गाडी पुढून आत आणि मागून गल्लीत काढता यावी यासाठी त्यांनी झाड तोडलं. तुझ्यावरचा राग म्हणून नव्हे गं वँडा. त्यांची गाडीसुद्धा मागे जात नव्हती. तुझं खरं आहे हे या गावात सगळ्यांच्या आधी त्यांना माहीत होतं, आणि ते माहीत असूनच ते चर्चमध्ये डावीकडे बसत राहिले. मला त्यांचा भयंकर राग येतो. आणि ती खडी घमेल्या-घमेल्याने एकट्याने वाहून नेणारा माणूस डोळ्यांसमोर आला की रडूही येतं. दोन्ही एकदम येतं, काय करू?

तर मंडळी, त्या संध्याकाळचा प्रश्न अजून टेबलावर पडलेला आहे. मी तो उलटा करून विचारतो. ज्यांची ऑर्डवे मागे जात नव्हती, त्यांनी हात वर करा.

फ्रँक, सावकाश, खांदा सांभाळ. धन्यवाद. आयरीन... हो, नवऱ्याच्या वतीने चालेल. खिडकीतल्या भगिनींनो, पीठ लागलेले हातही चालतील. आधीच्या फादरांसाठी कोण? आभारी आहे, फादर यारोश. मागच्या टेबलावरचे... सगळेच? बरं.

वँडा, मागे वळून बघ जरा. बघ गं.

हा माझा हात. आणि हा दुसरा बाबांचा.

आता दोन्ही हात वर केल्यामुळे डोळे पुसायची पंचाईत झाली आहे, तेव्हा आटोपतं घेतो. अध्यक्ष महाशयांचे, चर्चचे आणि स्वयंपाकघराचे मनापासून आभार. गेलेल्या माणसांबद्दल बोलताना कुठे तोल गेला असेल, किंवा कोणाच्या हातच्या कामाला माझ्या बोलण्याने धक्का लागला असेल, तर म्हातारा दमला होता असं समजून पोटात घाला.

आणि वँडा, ही किल्ली. बाबांच्या गाडीची. नॉर्बर्टने ओहायोतल्या भंगारातून तो भाग शोधून आणला आणि काल बसवला. गाडी बाहेर उभी आहे. या गावात कोणी कधी लावत नाही तशी लावली आहे, तोंड भिंतीला टेकवून. आम्ही सगळे पायरीवर उभे राहतो. तू रिव्हर्स टाक आणि बाहेर काढ.