मुलगी बघायला गेलेला अस्तित्ववादी

माफ करा हां सर, वहीतल्या शुद्धलेखनाकडं बघू नका — आठवीतनं शाळा सुटली आमची, त्यामुळं ऱ्हस्व-दीर्घ जमंल तसं पडलंय, आन् शब्दबी साधेच हायत, तुमच्या कॉलेजातल्यासारखे जड न्हायत. वाचा की. हे मला कुणी शिकवलं? पंच्याण्णव साली बारामतीत व्याख्यानमाला झाली, अस्तित्ववादावर, तीन दिवस — लाऊडस्पीकर माझा व्हता, भाड्यानं देतो मी. पहिल्या दिवशी साठ माणसं, दुसऱ्या दिवशी वीस, तिसऱ्या दिवशी अध्यक्ष, त्यांचा ड्रायव्हर आन् मी. ड्रायव्हर झोपलेला. मला उठून जाता येईना, मशीन माझं — म्हंजे माणूस स्वतंत्र हाय, ही गोष्ट मी अडकून पडल्यामुळं ऐकली. तवापासनं दर शनिवारी हितं कन्हेरीत, माझ्या स्पीकरच्या दुकानात, आमी चौघं-पाच जण बसतो. मी वहीतलं वाचतो, आमच्यातला झुंबर म्हणून एक हाय, तो शंका काढतो. एकदा म्हणला, माणूस सवताच सवताला घडवतो, तर मग आपल्या सरपंचाला सवताला एवढं वाईट का घडवावं वाटलं? त्याचं उत्तर अजून सापडलं न्हाय — तुमी प्राध्यापक, तुमाला ठावं असंल.

बाविसावं पान? ते मी न्हाय दुमडलं. वरकुट्याचा ज्ञानदेव येतो शनिवारी, त्यानं वही घरी नेली, आन् वाचली त्याच्या बहिणीनं. राजेश्वरीनं. आन् काल तिलाच बघायला मला नेलं. माझे वडील, म्हंजे आबा, मामा आन् मी. रीत तुमाला ठावी हाय — पोरीला नाव विचारायचं, शिक्षण विचारायचं, चालून दाखव म्हणायचं, आन् पोरानं पोह्याच्या बशीत बघायचं. मी बघितलं. शेंगदाणे सात व्हते. मामा म्हणले, "आमचा पोरगा आमच्या शब्दाबाहेर न्हाय." मी मान हलवली — स्वातंत्र्यावर दीड वर्ष बोलणारा माणूस, मान कशी झक्क हलली. तर ती पाटावरनंच म्हणली, "ह्यांच्या वहीत बाविसाव्या पानावर लिवलंय, गप बसला तरी माणूस निवडतच असतो. मग ह्यांनी आत्ता काय निवडलं?"

आबांनी टोपी उचलली. ज्ञानदेवनं वही माझ्या हातात दिली, माझ्याकडं न बघता. जीपमधी मामा म्हणले, लई वाचलेली दिसती, आपल्याला नगं. मी काय म्हणलो? — काय न्हाय. मागच्या शिटावर बसून बाविसावं पान खरं करत आलो. आवडली व्हती हो, पोह्यात बघूनसुद्धा आवडली व्हती.

आन् दुसऱ्या दिवशी सकाळी — म्हंजे आजच — पयली यष्टी धरली, इंदापूरला उतरलो, तितनं दुधाच्या गाडीनं वरकुट्याला. तिचे वडील, सावळारामतात्या, ओट्यावर दात घासत व्हते. म्हणले, "बाकीची मंडळी?" म्हणलं, कुणी न्हाय, एकटाच. तरी ते रस्त्याकडंच बघत उभे, मागनं जीप येतीय का म्हणून — पोरगा एकटा मागणी घालायला येतो, हे त्यांच्या डोक्यातच बसंना. तोवर ती भायेर आली. मी म्हणलं, घरचे नगं म्हणत्यात, पण मला तुमच्याशी लग्न करायचंय. आवाज असा फाटला — जाऊ द्या. ती काय म्हणली? म्हणली, "हे तुमच्या आबांसमोर बोला, मग मी सांगते."

थांबा — ते आबा आलेच रानातनं. त्यांना अजून काय ठावं न्हाय. वही ठेवा तितं, सर, आन् तुमी निघा आता — मला आबांशी बोलायचंय.