रेडिओवर दिसलेलं पाणी

खरं सांगतो, आमच्या शेजारच्या अण्णांवर मी एकदा फार वाईट संशय घेतला. साठच्या दशकातली गोष्ट, बंगलोरला टीव्ही यायचा होता. अण्णा रेडिओवरच्या कन्नड नाटकांत काम करायचे. एका नव्या नाटकात ते मुलीचे वडील झाले आणि पेपरात टोपणनावानं परीक्षण आलं; त्यात अण्णांविषयी एवढीच ओळ होती: 'मुलीला निरोप देताना बापाच्या डोळ्यांत पाणी तरळलं.'

मी पेपर घेऊन थेट त्यांच्या घरी गेलो. "अण्णा, रेडिओवर डोळ्यांतलं पाणी दिसलं कुणाला? तुम्हीच लिहिलंत ना हे?"

"देवाशपथ नाही हो!" अण्णांचा चेहरा पडला. मला काही पटेना.

तेवढ्यात त्यांच्या पत्नी, अक्का, स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "स्वल्प, जरा थांबा. मी लिहिलंय ते. वर्षभर ही परीक्षणं मीच लिहितेय, यांनाही ठाऊक नाही. तालीम माझ्यासमोर करतात ना, तेव्हा खरंच रडतात हे."

मी खजील झालो. अण्णा मात्र अक्कांकडे वळले. मग हळूच म्हणाले, "मग एकच ओळ का गं लिहिलीस?"