नीलगिरीची जांभळं

…हा दात पाहा, समोरचा. जवळ या, लाजू नका. इथं दात होता, आता खिडकी हाय. पण हा कसा गेला हे मले कोणी इचारत नाई. सारे इचारतात, श्रावण, धावपट्टीवर चौकीदार म्हणजे मजा असन ना रे, बसल्या-बसल्या इमानं पाह्यचे… मजा? तुमाले सांगतो, आठ सालात इमानं उतरले अकरा, अन् मी मार खाल्ला सतरा वेळा. मोजून सतरा!

वर्ध्याजवळ, बोरगाव मेघेच्या पुढं ती पट्टी हाय. मी तठी हजेरीवर. म्हणजे आज हाय, उद्या नाई. अठ्ठ्याहत्तर साली बांधकाम खात्याचे मोठे साहेब आले. जीपीच्या बोनटवर एवढा मोठा नकाशा पसरवला, उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर मले चार गोटे ठेवाले लावले. म्हणे, "श्रावण, विमानतळ म्हणजे नुसतं डांबर नव्हे. पर्यावरण!" मी म्हटलं, हो साहेब. म्हणे, "पट्टीच्या दोन्ही अंगांनी झाडं लावायची. धूळ थांबेल, माती वाहून जाणार नाही. तीनशे नीलगिरी पाठवतो. झाड जगलं पाहिजे! तीनशेची तीनशे जगली, की तुझी पर्मनंटची ऑर्डर मी स्वतः घेऊन येईन."

पर्मनंट म्हटल्यावर माणूस काय करत नाई हो? घरी सांगतलं, तं जिजाबाईनं, म्हणजे माह्या बायकोनं, त्या दिवशी मले पह्यल्यांदा 'अहो' म्हटलं.

अन् नीलगिरी आल्या कवा? मे महिन्यात. ट्रकमधी उभ्या-उभ्या उकडून. वर्ध्याचा मे महिना, जिथं माणूस वाळवणावानी वाळते, तठी ते काडीएवढं रोप काय करन? मी खांद्यावर कावड घेऊन पाणी घातलं, खांद्याची सालं निघाली, तरी पोळ्यापावतर दोनशे ऐंशी मेले. जे वीस राह्यले त्याले बकरीनं तोंड लावलं अन् थुकली. आता मले सांगा, ज्याले बकरी खात नाई, ज्याच्यावर पाखरू बसत नाई, ज्याच्याखाली सावली पडत नाई, त्याले झाड काऊन म्हणाचं? पण झाड जगलं पाह्यजे!

मंग मी डोकं लावलं. नाल्यावर जांभळीचे झाडं होते, पावसात त्याच्याखाली रोपंच रोपं. तीनशे उपटून आणले अन् नीलगिरीच्या खड्ड्यात लावून टाकले. वीस जित्या नीलगिरीबी उपटल्या, ओळीत एकसारखं दिसावं म्हणून. दिवाळीत हापिसचा बाबू मोजाले आला, तो जीपीतून उतरलाच नाई. बसल्या जागी बोटं नाचवले अन् लिवलं, तीनशे जिवंत. झालं, खुश मी!

पण नीलगिरीले न शिवणारी बकरी जांभळीवर तुटून पडली. पिपरीची मनकर्णाबाई, तिच्या अठरा बकऱ्या. मी एकीले ढेकूळ मारलं, तं म्हातारीनं मागून माह्या टाळक्यात काठी हाणली. "मेल्या, माह्या लक्ष्मीले मारतं? सरकारचा जावई हायस का?" म्या डोकं धरलं, हाताले रगत, म्हटलं, काकू, झाड जगलं पाह्यजे, साहेबाचा हुकूम हाय. म्हणे, "अन् माह्या बकऱ्या मेल्या पाह्यजे का?" अन् दुसरी हाणली. तीन टाके. पह्यल्या सालात तिनं मले नऊ वेळा मारलं, सणासुदीलेबी खाडा नाई.

मंग रूपरावजी. आमच्या बाजूचे मोठे कास्तकार. त्यायले सरकारी डांबर म्हणजे आपलं खळंच वाटे. पट्टीवर तूर वाळू घालत, अन् बैलबंडी आणत थेट माह्या रोपांवरून. म्या बैलाची येसण धरली. म्हटलं, रूपरावजी, झाड जगलं पाह्यजे. त्यायनं बंडीची उभारी, म्हणजे कडेचा उभा दांडका, उपसली अन् बिना बोलता थोबाडावर देल्ली. मीबी सोडलं नाई. डोयापुढं अंधार, तरी हात सापडला त्याले कडकडून चावलो. दात आधीच हालत होता, तो त्यायच्या मनगटातच राह्यला. दुसऱ्या दिवशी मनगटाले पट्टी बांधून, दात कागदात गुंडाळून घेऊन आले. म्हणे, "हे घे बा तुहा. कोणाची वस्तू आपुन ठेवत नाई." म्या दात जांभळीच्या बुडाशी गाडला. तेवढंच खत.

पुढं तुरीच्या हंगामात त्यायची उभारी अजून पाच वेळा पडली. अशा पंधरा मारावर वाढले माहे झाडं. शायशी साली जून महिन्यात लदलदून फळं आले. मनकर्णाबाई टोपलं घेऊन सगळ्याच्या आधी आली, एक जांभूळ तोंडात टाकलं, म्हणे, "श्रावण, चांगलं केलं रे तू." तुमाले सांगतो, नऊदा मारणारी बाई चांगलं म्हणते तवा माणसाले रडू येते. आलं मले. रूपरावजीबी आता बैल जांभळीच्याच सावलीत बांधत.

अन् त्याच हप्त्यात साहेब इमानातून आले. बॅगीत आठ साल हापिसात अडकलेली माही ऑर्डर! इमान खाली टेकाले अन् झाडावरून पोपटाचा थवा उठाले एकच गाठ पडली. खाड-खाड-खाड… पंख्यात पोपट, काचेवर साळुंकी, हिरवे पंख हवेत, रगताचे शिंतोडे, इमान वाकडं होऊन चराट गेलं अन् खंदकाच्या काठावर थांबलं. साहेब उतरले, तं पाय जांभळाच्या चिखलावर. धपकन पडले. पांढरा पँट जांभळा झाला, त्यायले वाटलं आपलंच आतडं फुटलं. "मेलो रे, मेलो!" मी उचलाले गेलो, तं पडल्या-पडल्या मले लाथ घातली. सोळावा मार!

नंतर हापिसात कपाटातून नकाशाची फाइल काढली. "इथं स्पष्ट लिहिलंय! पाखरं येणार नाहीत असंच झाड लावावं, म्हणून नीलगिरी! नीलगिरीला जांभळं कशी लागली?" मी म्हटलं, साहेब, ते इंग्रजीत होतं, कपाटात होतं, अन् कुलपात होतं. पाणी मी घालत होतो, मले कोणी सांगतलं? झाड जगलं पाह्यजे, एवढंच सांगतलं तुमी. तुमच्याच बाबूनं लिवलं, तीनशे जिवंत.

साहेबानं बाबूचा कागद पाह्यला, बॅगीतून ऑर्डर काढली. मंग सही केली, ऑर्डर हातात देल्ली, अन् दुसऱ्या हातात कुऱ्हाड. "पर्मनंट झालास. आता तीनशेची तीनशे तोड."

सकाळी कुऱ्हाड घेऊन गेलो, तं पह्यल्या झाडाशी मनकर्णाबाई उभी. "तूच जगवलं, तूच तोडतं?" म्या म्हटलं, काकू, नवकरी हाय. तिची काठी टाळक्यात बसली, अन् मागून रूपरावजीची उभारी. दोन्ही मिळून हा सतरावा. पण खरं सांगू? या टायमाले मी हात वर नाई केला. मले वाटलं, मारा, आजच तं बरोबर मारून राह्यले तुमी.

साहेबानं मंग बाहेरचे माणसं अन् पोलिस आणले. चार दिवसात सारं सपाट. मी झोपडीत बसून कुऱ्हाडीचे घाव आयकले, जिजाबाईनं कानावर उशी धरली तरी आयकू आले.

मंग पाणी पडलं. पंधरा दिवसात एकेका बुडातून तीन-तीन फुटवे! तीनशेचे नऊशे झाले. साहेबाले कळवलं, तं उत्तर आलं, कापत राहा. मी इकडून कापत जातो, ते तिकडून फुटत येते. मनकर्णाबाईच्या बकऱ्या आता माह्या मांगं-मांगं चरतात, अन् तीच मले घरून ताक आणते.

तं असं झालं बा. मीबी पर्मनंट, जांभूळबी पर्मनंट. टेम्परवारी निघाला तो एकटा हा दात.