फान्सिपान चढलेला नवरा

नाही रे बाळा, पडत नाही हा तारेवरचा पाळणा — डोळे उघड, ती दांडी सोड, आणि हे घे, उकडलेल्या शेंगा खा. पंधरा मिनिटं काय असा मिटून बसणार? माझ्याकडे बघ, मी म्हातारी एकटी निघालेय. नवरा? आहे ना नवरा! खाली स्टेशनात बाकावर बसलाय, माझी पिशवी मांडीवर घेऊन — हसू नकोस, आधी ऐक.

आमचा म्हातारा, न्हुआन त्याचं नाव, तरुणपणी मोजणी खात्यात होता. सत्त्याऐंशी साली हा फान्सिपान, देशातला सगळ्यांत उंच डोंगर, पायी चढला म्हणे — चार दिवस, पाठीवर तंबू, वर गोठवणारी थंडी. हायफाँगला आमच्या गल्लीत असला पराक्रम त्या एकट्याचा. आणि मला तेव्हा मागणी कोणाची होती, ठाऊकाय? होंडावाल्याची! त्या काळात होंडा! आई म्हणाली, थोआ, होंडावर बस, जन्म सुखात जाईल. मी बसले या डोंगरावर. तेव्हापासून दर तेतला, नव्या वर्षाच्या सणाला, पाहुणे आले की जेवणाबरोबर हाच डोंगर — आणि खरं सांगू, त्याच्यापेक्षा मीच जास्त वाढायचे. तो म्हणायचा वारा होता, मी म्हणायचे तंबू उडाला. अस्वल तर अख्खं माझंच.

यंदा मुलांनी तिकिटं काढून दिली — बाबा, आता पाळण्यातून जा. आणि पाळण्याच्या दारात हा माणूस खांबाला मिठी मारून उभा! पांढराफटक. दारावरची मुलगी विचारते, "आजोबा, बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, "अहो, चला की, मागे रांग लागलीय." तर माझ्या कानाशी लागून म्हणतो, "थोआ, मी वर कधी गेलोच नाही." म्हणे, चढाईच्या दुसऱ्याच दिवशी कड्यावरून खाली बघितलं नि संपलंच! बांबूला धरून बसला, तो उठेचना — शेवटी तिथल्या एका डोंगरी ह्मोंग हमालानं पाठीवर बांधून, टोपलीसारखा, खाली आणला. हे मी आत्ता ऐकायचं, रांगेत उभी राहून! काय केलं? हसले. एवढी हसले की ती मुलगी घाबरली. मग पिशवी त्याच्या अंगावर टाकली, म्हटलं, "बसा इथंच, तुमचा डोंगर मी बघून येते."

राग? राग डोंगराचा नाही रे. होंडाचाही नाही — तो होंडावाला पुढे बायकोला मारायचा. राग एवढाच, की मला सांगितलं नाही. मी काय गल्लीभर केलं असतं? ...बरं, केलं असतं. पण — जाऊ दे. म्हणजे, मला वाटायचंच. वर काय दिसलं म्हणून कोणी विचारलं की हा चहा आणायला आत पळायचा. म्हणून तर मी अस्वल आणलं — लोकांनी याला विचारूच नये म्हणून. इतकी वर्षं... हे मी कुणाला बोलले नव्हते. तू पण ना, गप्प बसून माणसाकडून काय काय काढून घेतोस!

थांब, फोन. त्याचाच. — हॅलो! हो, पोचतेच आहे. भीती कसली? ...दिसतंय ना, सगळं दिसतंय, लख्ख ऊन आहे. सगळ्यांत उंच तो मधला सुळका, डावीकडं दरी... हो, लिहून घ्या हवं तर. तेतला लागेल. ...अहो, चारचौघांत रडताय काय? नाक पुसा आधी. येतेय मी.

— काय बघतोस? बाहेर नुसतं धुकं आहे, ते मलाही दिसतंय. दार उघडलं बघ. चल, उतर, वाट सोड.