सावंतकाकूंची रेघ

माणूस चारचौघांसारखंच बोलतो म्हणता ना? मग हे ऐका. मीरा रोडला सिल्व्हर पार्कात राहायचो तेव्हा आमची ताई मानसशास्त्रात एम.ए. करत होती. तिला एक प्रयोग करून दुसऱ्या दिवशी कॉलेजात लिहून द्यायचा होता. कागदावर अ, ब, क अशा तीन रेघा, सगळ्यांत लांब कुठली ते सांगायचं. आम्हा पाच जणांना तिने पढवून ठेवलेलं, मुद्दाम चुकीचं, ‘ब’ म्हणा. सहाव्या होत्या शेजारच्या सावंतकाकू, त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. आमचं ऐकून त्याही ‘ब’ म्हणतात का, एवढंच बघायचं होतं.

आम्ही पाचही जण ओळीने ‘ब’ म्हणालो.

काकू उसळल्या, “डोळे फुटले काय सगळ्यांचे? क लांब आहे!”

 मग आमच्या पाचांतल्याच, समोरच्या मेहताभाभी हळूच म्हणाल्या, “हां, मुझे भी क ही लग रहा था।”

झालं! एकेक करून सगळे ‘क’वर आले.

काकू गेल्यावर ताई रडकुंडीला येऊन मला म्हणाली, “बाकीचे जाऊ देत, तू तर सख्खा भाऊ! तू का फिरलास?”

म्हटलं, “ताई, काकू माझ्याकडेच बघत होत्या गं.”